टाचणीतात्या आणि मुकं यंत्र

यंत्र मुकं होतं, एवढंच त्याचं दुखणं. बाकी प्रकृती ठणठणीत. कळ दाबली की तांबडा दिवा लागायचा, दोन्ही रिळं घाण्याच्या बैलांसारखी निमूट फिरायची, तपकिरी फीत एकावरून सुटून दुसऱ्यावर गुंडाळली जायची, आणि आवाजाच्या नावाने बोंब. असं यंत्र कुठल्याही सरकारी कचेरीत वरच्या हुद्द्यावर सहज खपून गेलं असतं. दुर्दैवाने ते टाचणीतात्यांच्या जेवणाच्या टेबलावर होतं आणि टाचणीतात्यांना त्याच्याकडून एक वाक्य हवं होतं. वीस तारखेच्या आत.

टाचणीतात्या म्हणजे वजनमापे कचेरीच्या दप्तरखान्यातले निवृत्त कारकून. नोकरी असेतोवर शर्टाच्या कॉलरच्या आत टाचण्यांची रांग खोचलेली असायची, म्हणून हे नाव पडलं. निवृत्तीला दहा वर्षं झाली. टाचणी लावण्यासारखा एकही कागद आयुष्यात उरला नाही, पण रांग कायम आहे. शर्ट धुवायला टाकण्याआधी बायको अजूनही कॉलर चाचपते, आणि न चाचपता टाकला तर त्या दिवशी तिच्या बोटाला आणि तात्यांच्या कानाला काय काय टोचतं ते सगळ्या जिन्याला ऐकू जातं.

आता ते वाक्य. कचेरीला पंचाहत्तर वर्षं होणार, म्हणून स्मरणिका निघणार होती. स्मरणिका म्हणजे ज्यांनी काही केलं नाही त्यांनी आपण काय काय केलं ते लिहायची जागा. तिचे कच्चे छापील कागद जुन्या नोकरांकडे 'शुद्धलेखनाच्या दुरुस्त्यांसाठी' पाठवले होते. पान सत्तेचाळीसवर पूर्वीच्या मोठ्या साहेबांचा लेख होता. त्यात साहेबांनी लिहिलं होतं की पस्तीस वर्षांपूर्वी कचेरीतल्या झाडणाऱ्या अकरा बायकांना कमी करायची यादी वरून मागवली होती, तेव्हा 'त्या अकरा गरीब भगिनींची यादी पाठवायला मी भर बैठकीत ठाम नकार दिला.'

शुद्धलेखन निर्दोष होतं. वाक्य धादांत खोटं होतं.

नकार तात्यांनी दिला होता. त्या बैठकीत यादी मागणारे मोठे साहेब होते, ती लिहायची होती तात्यांनी, आणि 'नाही' म्हणून उभेही तात्याच राहिले होते. उभ्या आयुष्यात तात्या हे एकदाच उभे राहिले. बाकी सगळी हयात त्यांनी खुर्चीच्या कडेवर बसून, 'होय साहेब'ला टाचणी लावून पुढे पाठवली. पण एकदा, फक्त एकदा, त्यांनी वरच्या माणसाच्या तोंडावर नाही म्हटलं होतं, आणि ती एकच गोष्ट त्यांची स्वतःची मालमत्ता होती. साहेबांनी गाडी घ्यावी, बंगला घ्यावा, निरोपसमारंभात शाल घ्यावी. पण ज्याच्याकडे एकच वस्तू आहे त्याची तीही उचलायची म्हणजे काय? भरल्या ताटाच्या माणसाने शेजारच्याची वाटी ओढावी, तसलाच प्रकार.

खरं सांगायचं तर तात्यांनीही ती गोष्ट गेली पस्तीस वर्षं जपून वापरली नव्हती. पहिल्या वर्षी ती पाच मिनिटांत संपायची. थोरल्या मुलीच्या लग्नापर्यंत तिचं पाऊण तासाचं भाषण झालं होतं. त्यात न्याय आला, माणुसकी आली, साहेबांचा पांढराफटक चेहरा आला, आणि नंतर नंतर तर साहेबांच्या हातातला पेलासुद्धा पडून फुटायला लागला. त्यामुळे घरात त्यावर कुणी विश्वास ठेवत नसे. मेहुणा, म्हणजे बायकोचा धाकटा भाऊ, प्रत्येक वेळी विचारायचा, "भाऊजी, या खेपेला पेला काचेचा की पितळेचा?"

तात्यांनी समितीला पत्र लिहिलं. समितीचं उत्तर आलं की आपला दावा पुराव्याअभावी विचारात घेता येत नाही, पुरावा असल्यास वीस तारखेपर्यंत समक्ष सादर करावा. साहेबांकडे मात्र कुणी पुरावा मागितला नव्हता. मोठ्या माणसाची आठवण हाच पुरावा असतो आणि लहान माणसाचा पुरावा हीसुद्धा नुसती आठवणच ठरते.

पण समितीला एक गोष्ट ठाऊक नव्हती. ती बैठक ध्वनिमुद्रित झाली होती. त्या वर्षी कचेरीने रिळांचं एक थोरलं टेपरेकॉर्डर हौसेने आणलं होतं, आणि पुढे सालाबादप्रमाणे अडगळीत टाकलं होतं. गेल्या वर्षी भंगाराच्या लिलावात ते, त्याच्या लाकडी खोक्यासकट, तात्यांनीच उचललं होतं. का, ते त्यांना तेव्हा सांगता आलं नव्हतं. बायकोने मात्र पलंगाखालची जागा देताना सांगितलं होतं की भंगाराने भंगार ओळखलं. खोक्यात एक रीळ होतं, आणि रिळाच्या डबीवर तात्यांच्या स्वतःच्या वळणदार अक्षरात बैठकीची तारीख आणि 'गोपनीय' असा शेरा.

आठ तारखेला पलंगाखालून यंत्र निघालं. ते उचलून टेबलावर ठेवताना तात्यांच्या कमरेतून जो आवाज आला, तेवढाच आवाज त्या दिवशी त्या खोलीत ऐकू आला.

आपल्याकडे माणूस आजारी पडला तर शेजारी निदान दारातून चौकशी करून जातात. यंत्र आजारी पडलं तर थेट आत येऊन बसतात. पहिले आले वरच्या मजल्यावरचे हेडमास्तर. त्यांनी तीस वर्षं शाळेत पदार्थविज्ञान शिकवलं होतं आणि त्यांच्या हाताखालचा एकही विद्यार्थी पुढे पदार्थविज्ञानाच्या वाटेला गेला नव्हता. हेडमास्तरांचं प्रत्येक वाक्य "तत्त्व काय आहे" इथून निघतं आणि बहुतेक वेळा तिथेच संपतं. तत्त्व असं निघालं की यंत्र वर्षभर फरशीवर राहून गारठलं आहे, त्याला ऊब द्या. तात्यांनी आपली लोकरीची शाल यंत्रावर घातली आणि वर गरम पाण्याची पिशवी ठेवली. तासाभराने पिशवीचं बूच सैल असल्याचं कळलं. मग यंत्र वाळवणं आलं, टेबल पुसणं आलं, आणि शाल उन्हात टाकताना 'तत्त्व काय आहे' असं विचारणारी बायकोही आली.

मग मेहुणा आला. मेहुणा घरोघर पाणी गाळायची यंत्रं विकतो, त्यामुळे ज्याला ज्याला प्लग आहे ते ते सगळं आपल्याला कळतं असा त्याचा समज आहे. त्याने यंत्राचा स्पीकर दोषी ठरवला, स्वतःच्या घरून दोन उंच काळे स्पीकर आणले, आणि कुठलीतरी तार कुठेतरी खुपसली. आणि काय सांगावं, यंत्र बोललं. स्वच्छ, ठसठशीत बाईचा आवाज. तात्यांनी हात जोडले, हेडमास्तरांनी मान डोलावली, मेहुण्याने कॉलर ताठ केली. बाईंनी सांगितलं की किनारपट्टीवर वारे मध्यम वेगाने वाहतील. सुमारे दहा मिनिटं सगळे बसून ऐकत होते. बैठकीच्या सुरुवातीला हवामान वाचायची पद्धत होती का, असं हेडमास्तरांनी विचारलंसुद्धा. बाई बाजारभावांकडे वळल्या तेव्हा कुठे लक्षात आलं की मेहुण्याच्या तारेने रेडिओ पकडला आहे. पस्तीस वर्षांपूर्वीचं सोडून यंत्र आजचं बोलत होतं. मेहुणा म्हणाला की तरी सुधारणा आहे.

अकरा तारखेला तात्या यंत्र घेऊन रेडिओवाल्याकडे गेले. रेडिओवाला म्हणजे बाजारपेठेतला शेवटचा माणूस ज्याने उभी हयात रेडिओ दुरुस्त केले, आणि आता मोबाइलची कव्हरं विकत, येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाकडे खुनशी नजरेने बघत बसतो. रिळांचं यंत्र बघून त्याचे डोळे पाणावले. त्याने तीन दिवस मोबाइलच्या कव्हरांना हात लावला नाही. यंत्राचं पोट उघडलं, पट्टा बदलला, फितीवरचा आवाज उचलणारा तो इवलासा तुकडा, ज्याला हेड म्हणतात, तो स्पिरिटने पुसून आरशासारखा केला. चौदा तारखेला त्याने तात्यांना बोलावून घेतलं आणि त्यांच्यासमोर स्क्रू ड्रायव्हरचं टोक हेडच्या तारेला टेकवलं. स्पीकर रागावलेल्या बोक्यासारखा गुरगुरला.

"बघा, यंत्र शंभर टक्के बोलतंय," रेडिओवाला म्हणाला. "तुमची फीतच कोरी आहे, तात्या. कुणीतरी पुसलीय."

कुणीतरी म्हणजे कोण, हे विचारायची गरज नव्हती. मोठ्या साहेबांनी पुसली असणार. तात्या यंत्र घेऊन रिक्षातून घरी निघाले. माणसाचं बोलणं पुसून टाकायचं आणि मग तेच बोलणं स्वतःच्या नावावर छापायचं, याला काय म्हणतात ते त्यांच्या तोंडात आलं होतं, पण पस्तीस वर्षांच्या सवयीने त्यांनी ते गिळलं. सवय वाईट. गिळलेले शब्द पचतात असं समजायचं आणि पुढचं जेवण घ्यायचं, याच एका कौशल्यावर आपल्या मध्यमवर्गाची पेन्शन चालू आहे.

घरी आल्यावर त्यांनी नुसताच चाळा म्हणून रीळ लावलं, आवाजाचं बटण शेवटपर्यंत पिळलं आणि स्पीकरला कान चिकटवला. आणि त्यांना ऐकू आलं. अगदी बारीक. सात गोधड्यांखालून कुणी बोलावं, तसं. शब्द नाहीत, पण माणसाच्या बोलण्याचा चढउतार आहे.

तात्यांनी सगळ्यांना बोलावलं. हेडमास्तरांनी कान लावला, त्यांना काही ऐकू आलं नाही. मेहुण्याला काही ऐकू आलं नाही. तो म्हणाला, "भाऊजी, तेव्हाही तुमचा आवाज एवढाच असेल." हे लागलं. हेडमास्तरांनी बायकोला बाजूला घेऊन सांगितलं की या वयात कानात आवाज होतात, यंत्राचं राहू दे, आधी माणूस तपासून घ्या. हे बाजूला घेऊन सांगणं सबंध खोलीला ऐकू गेलं, कारण वर्गात बोलायची सवय.

तात्यांना कान तपासायला जायचं नव्हतं. पण ते गेले, आणि गेले ते चिडून गेले. एकदाचा निकाल लागू दे, म्हणाले. कानाच्या दवाखान्यात त्यांना कपाटाएवढ्या खोलीत बसवलं, कानावर यंत्र चढवलं, हातात एक कळ दिली, आणि आवाज ऐकू आला की दाबा असं सांगितलं. बाहेर काचेआड डॉक्टरबाई. पाच मिनिटांत त्या आत आल्या. म्हणाल्या, आजोबा, आवाज यायच्या आधी कळ दाबू नका. तात्या म्हणाले, येणार हे माहीत होतं. बत्तीस वर्षं साहेबांच्या घंटीआधी खुर्चीतून उठणाऱ्या माणसाला 'आधी ऐका, मग हला' हे शिकवायला डॉक्टरबाईंना अर्धा तास लागला. शेवटी कागद निघाला. दोन्ही कान वयाच्या मानाने उत्तम, बारीक आवाज विशेष चांगले ऐकू येतात. तात्यांनी त्या कागदाच्या आणखी दोन प्रती मागून घेतल्या, तिन्हींना टाचणी लावली आणि एक प्रत हेडमास्तरांच्या दाराखालून आत सरकवली.

तेव्हा आता एवढं ठरलं की यंत्र बोलतंय, कान ऐकताहेत आणि फितीवर काहीतरी आहे. तिघेही निर्दोष. असा खटला फक्त आपल्या देशातच उभा राहू शकतो असं प्रत्येक देशातल्या माणसाला वाटतं.

एकोणीस तारीख उजाडली. दुपारी बायको हातात मोठी कात्री घेऊन टेबलापाशी येऊन उभी राहिली. बायको शिवणकाम करते. शेजारच्या शाळेचे बत्तीस गणवेश तिने अंगावर घेतले होते, आणि टेबल अडल्यामुळे बारांतले नऊ दिवस ती फरशीवर ओणवी होऊन कापड बेतत होती. गुडघे सुजले होते, पाठ धरली होती आणि सहनशक्ती संपली होती.

"हे धूड हलवा," ती म्हणाली. "नाहीतर या फितीच्या लेस करून बत्तीस कॉलरींना लावीन."

तात्या हलले नाहीत. तेव्हा तिनेच यंत्र सरकवायला हात घातला आणि फितीचं सुटं टोक तिच्या बोटांत आलं. शिंप्याच्या हातात कापडाचं टोक आलं की अंगठा आपोआप चालतो. तिचाही चालला. तिने टोक अंगठ्याने घासलं, उलटं केलं, पुन्हा घासलं, उजेडात धरलं.

"ही उलटी लावलीय."

तात्यांनी सांगितलं की रीळ बरोबर आहे, लेबल वर आहे.

"रीळ नव्हे हो, फीत. हिला सुलट-उलट आहे. ही बाजू बघा, मऊ, मळकट, काहीतरी सारवल्यासारखी. आणि ही गुळगुळीत, चकचकीत. जे काय लावलंय ते या मळकट बाजूला आहे. आणि तुमचा तो पुसून आरसा केलेला ठोकळा चकचकीत बाजू चाटतोय. गोधडीच्या मागून बोलल्यासारखं ऐकू येईल नाही तर काय?"

तात्या म्हणाले की चकचकीत बाजू ती सुलटी, हे कुणीही सांगेल. फोटो बघ, कॅलेंडर बघ.

"कुणी सांगितलं? अस्तरही चकचकीतच असतं."

तात्या खुर्चीत बसले. आणि बसल्या बसल्या त्यांना सगळं आठवलं, आणि आठवलं त्याची त्यांना इतकी लाज वाटली की कॉलरमधल्या टाचण्या पस्तीस वर्षांत पहिल्यांदा त्यांच्या स्वतःच्या मानेला टोचल्या.

फीत उलटी तात्यांनीच केली होती. बैठकीनंतर साहेबांनी रीळ दप्तरखान्यात पाठवलं, वर 'गोपनीय' लिहायला सांगून. आणि दप्तरखान्याचा नियम होता की गोपनीय कागद ठेवताना मजकुराची बाजू आत घ्यावी. नियम कागदाचा होता. पण तात्यांच्या हातात रीळ आलं तेव्हा त्यांनी विचार केला की नियम तो नियम. मजकूर कुठल्या बाजूला? चकचकीत बाजूला असणार, चांगली बाजू तीच दिसते. ती तर बाहेर आहे. मग दोन शिसपेन्सिली घेतल्या, दोन रिळं त्यांत अडकवली, फितीला एक पीळ दिला, आणि सबंध दुपार बसून फीत हाताने उलटी गुंडाळून काढली. सकाळी साहेबाच्या तोंडावर नाही म्हणालेला माणूस. त्याच दिवशी दुपारी. कुणी सांगितलेलं नसताना.

मोठ्या साहेबांनी काही पुसलं नव्हतं. त्यांना गरजच पडली नाही. आपल्यासारख्या माणसाला गप्प करायला साहेब लागत नाही. आपण एकदा ताठ उभे राहतो आणि उरलेली दुपार त्याची भरपाई करत बसतो.

हे त्यांनी बायकोला सांगितलं. ती हसेल असं त्यांना वाटलं होतं. ती हसली नाही. तिने शिवणयंत्राच्या खणातून दोन पेन्सिली काढल्या, एक त्यांच्या हातात दिली, एक स्वतः धरली आणि समोर बसली. म्हणाली, "उसवा. चुकलेली शिवण उसवायला लाज कसली?"

दोन तास लागले. फितीला पुन्हा एक पीळ दिला, आणि बत्तीस गणवेश वाट बघत असताना नवराबायकोने ती सबंध फीत एका पेन्सिलीवरून दुसरीवर सुलटी करून घेतली. मधे एकदा तुटली. तिने पारदर्शक चिकटपट्टीने असा सांधा मारला की तो शोधून सापडू नये. तेवढ्यात मेहुणा आपले काळे स्पीकर न्यायला आला आणि हेडमास्तर कानाचा कागद परत द्यायला आले. त्यामुळे यंत्राला श्रोते आयते मिळाले.

कळ दाबली. आवाज दाखवणारा काटा उसळला. खोलीत खुर्च्या सरकल्या, कुणी खोकलं, पंखा घरघरला, आणि मोठ्या साहेबांचा भरदार आवाज खिडक्यांच्या पडद्यांवर सतरा मिनिटं बोलला. पडद्यांचा रंग ठरेना. खोलीत कुणी हललं नाही. मग साहेब म्हणाले, विषय क्रमांक सहा, झाडणाऱ्या अकरा रोजंदारी बायका कमी करणे, दप्तरखान्याने संध्याकाळपर्यंत यादी करून द्यावी.

मग एक खुर्ची वाजली. एक बारीक, चिरका, घाबरलेला आवाज म्हणाला, "साहेब, ही यादी मी नाही लिहिणार."

पंखा घरघरत राहिला. कितीतरी वेळ दुसरं काही नाही. मग साहेब म्हणाले, "काय म्हणालात?"

"नाही लिहिणार."

मग आणखी पंखा. कुणीतरी कागद चाळले. मग साहेब म्हणाले, विषय क्रमांक सात.

बस्स. न्याय नव्हता, माणुसकी नव्हती, पेला नव्हता, काचेचाही नाही आणि पितळेचाही. 'साहेब' सोडला तर सात शब्द. त्यातले दोन दुसऱ्यांदा म्हटलेले. तात्या मान खाली घालून बसले. पुढचं त्यांनी सांगून टाकलं, आता लपवण्यासारखं काय उरलं होतं. यादी गेली नाही ती त्यांच्या धाकाने नव्हे. त्या अकरा बायकांची नावं दुसऱ्या कुणाला ठाऊकच नव्हती. साहेब रोज त्यांनी झाडलेल्या जिन्याने वर यायचे, पण नाव एकीचंही माहीत नाही. तात्यांनी लिहायचं नाकारल्यावर लिहिणार कोण? विचारून घ्यायची साहेबांना लाज वाटली असेल नाहीतर कंटाळा आला असेल. महिनाभराने वरूनच विषय बंद झाला.

मेहुण्याने तोंड उघडलं. बहिणीने त्याच्याकडे बघितलं. मेहुण्याने तोंड मिटलं.

"राहिल्या ना अकराजणी?" बायको म्हणाली.

"राहिल्या."

"मग पुरले की शब्द. पाऊण तासाचं मी पस्तीस वर्षं ऐकलं, एकदाही खरं वाटलं नाही. हे वाटलं." आणि मग तिने टेबल पुसलं आणि पहिल्या गणवेशाचं कापड पसरलं.

वीस तारखेला यंत्र कचेरीत निघालं. समिती तिसऱ्या मजल्यावर बसत होती आणि लिफ्ट पंचाहत्तर वर्षांच्या निमित्ताने रंगवायला काढली होती. यंत्राचं एक टोक तात्यांनी धरलं, दुसरं मेहुण्याने. कुणी सांगितलं नव्हतं, तो सकाळी आपणहून आला होता. दुसऱ्या मजल्यावर धापा टाकत तो म्हणाला की भाऊजी, सात शब्दांना वजन फार आहे. पस्तीस वर्षांत त्याने केलेली ही पहिली चेष्टा जी तात्यांना आवडली.

समितीचे चिटणीस तात्यांच्या निम्म्या वयाचे होते, नम्र होते, आणि त्यांच्या नम्रतेत शिरायला कुठूनही फट नव्हती. त्यांनी सांगितलं की पुरावा बघायला समिती उत्सुक आहे, पण खोलीतला वीजजोड फक्त कचेरीच्या यंत्रांसाठी आहे. तात्या म्हणाले की हे कचेरीचंच यंत्र आहे. चिटणीस म्हणाले की ते निर्लेखित झालं, म्हणजे दप्तरातून कमी झालं, आता खाजगी ठरतं, खाजगी यंत्रासाठी देखभाल शाखेची परवानगी लागते, आणि देखभाल शाखा सोमवारी उघडेल. सोमवार तेवीस तारखेला होता.

तात्यांनी त्यांच्याकडे बघितलं. मग यंत्राचं टोक उचललं, मेहुण्याने दुसरं उचललं, आणि ते बाहेर आले. बाहेर व्हरांड्यात पाणी गार करायचं यंत्र होतं आणि त्याचा प्लग भिंतीत होता. जवळच झाडणाऱ्यांची मुकादम बाई फरशी पुसत होती. केस पिकलेले, कमरेला किल्ल्यांचा जुडगा. तिने तात्यांकडे बघितलं. तात्यांना तिचं नाव, तिच्या आईचं नाव आणि तिचा पस्तीस वर्षांपूर्वीचा हजेरी क्रमांक पाठ होता. तिने वाकून गार पाण्याचा प्लग काढला आणि बाजूला झाली.

तात्यांनी आवाजाचं बटण शेवटपर्यंत पिळलं आणि कळ दाबली. पडद्यांचा भाग त्यांनी आधीच पुढे सारून ठेवला होता.

मोठ्या साहेबांचा आवाज तिसऱ्या मजल्याच्या व्हरांड्यात असा घुमला की दोन जुने शिपाई सवयीने उठून उभे राहिले. विषय क्रमांक सहा. खोल्याखोल्यांतून माणसं बाहेर आली. अकरा रोजंदारी बायका, असं साहेब म्हणाले तेव्हा मुकादम बाईने पुसायची काठी भिंतीला टेकवली. चिटणीस लगबगीने बाहेर आले, नम्रता अजून तोंडावरच होती, आणि सरळ भिंतीतल्या प्लगकडे निघाले.

"तिकडे येऊ नका साहेब," मुकादम बाई म्हणाली, आणि तिने बादली पायाने त्यांच्या वाटेत सरकवली. "फरशी ओली आहे. करंट लागेल."

चिटणीस थांबले. यंत्रातून बारीक, चिरका आवाज म्हणाला, "साहेब, ही यादी मी नाही लिहिणार."

मग तो पंखा. चिटणिसांना वाटलं संपलं. त्यांनी घसा साफ केला. म्हणाले, ठीक आहे, समितीने ऐकलं, हा आवाज आपलाच असेलही. पण ध्वनी हा काही कागद नव्हे, तो फाइलीला लागत नाही. तेव्हा जे ऐकवलं ते, आणि हा दावा कुणाची बदनामी करण्याच्या हेतूने केलेला नाही असं निवेदन, मोठ्या साहेबांच्या लेखाबद्दल आदर व्यक्त करून, आपण तीन प्रतींत लिहून द्यावं. त्यानंतर समिती विचार करील.

तीन प्रती. तात्यांचा हात आपोआप कॉलरकडे गेला. टाचण्यांची रांग जागच्या जागी होती. बत्तीस वर्षं हा हात असाच गेला होता, आणि परत येताना दर वेळी बोटांत टाचणी घेऊन आला होता.

या वेळी हात रिकामा खाली आला.

"नाही लिहिणार," तात्या म्हणाले.

पंखा थांबला नव्हता. यंत्रातून मोठ्या साहेबांनी विचारलं, "काय म्हणालात?"

व्हरांड्यातल्या सगळ्यांनी उत्तर दोनदा ऐकलं. एक आवाज यंत्रातला, पस्तीस वर्षांपूर्वीचा. दुसरा यंत्राबाहेरचा, आणि तो मोठा होता.